शिवेपर्यंतचं ओझं

बैठक दुपारची ठरली होती, पण भांडण सकाळी चुलीपाशीच पेटलं.

"जायचं तं खुशाल जा," तव्यावरची भाकर उलटत गिरिजाबाई म्हणाली. "भिलाईला जा, न्हाई तं लंकेला जा. लेकरू इथं ऱ्हाईल."

सत्यशीला काही बोलली नाही. अडीच वर्षांच्या परभाला मांडीत घेऊन ती तिच्या केसांत तेल जिरवत बसली होती. सुनेचं हे गप्प बसणं गिरिजाबाईच्या ओळखीचं होतं. एखादी बाई बाळंतपणात अडली की भोवतालच्या बाया गलका करायच्या, कुणी अंगारा आणा म्हणायची, कुणी उंबऱ्यावर पाणी ओता म्हणायची, आणि ही आपली हात धुऊन, ओठ मिटून बसायची. शेवटी जे करायचं तेच करायची.

"मी काय म्हन्ते ते ऐकू येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं, आत्या."

"मंग?"

"भाकर करपून राह्यली."

भाकर खरंच करपली होती. दुष्काळात सरकारी लाल मिलो ज्वारीची भाकर थापतानाही गिरिजाबाईच्या हातची भाकर कधी करपली नव्हती. तिनं ती तव्यावरून ओढली, काळा पापुद्रा नखानं खरवडला आणि डोळ्यांत धूर गेल्याचं निमित्त करून पदर डोळ्यांना लावला.

ह्या सगळ्याचं मूळ आपणच, हे तिला कळत होतं आणि तेच सोसत नव्हतं. हौसा, तिची थोरली लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि ह्याच खोलीत अडून मेली. सरकारी नर्सबाईला आणायला तिचा नवरा सर्जेराव धावत गेला होता. बाई आली, नाही असं नाही. गावात आली, वस्ती कुठली म्हणून विचारलं आणि नाव कळल्यावर पाटलाच्या ओसरीवर चहा घेत बसली. उद्या सकाळी बघू म्हणाली. हौसाला उद्याची सकाळ नव्हती. गिरिजाबाई तेव्हा शिवेच्या दगडापर्यंत पळत जाऊन वाट पाहत उभी राहिली होती. बाई कधीच गावात पोचली आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

म्हणून लेकासाठी, वसंतासाठी तिनं नववी शिकलेली सून शोधली, आणि हळद निघायच्या आत तिला औरंगाबादला नर्सिंग शिकायला धाडली. गाव हसलं. सून आणली का पाहुणी, म्हणून बाया पाणवठ्यावर खिदळल्या. गिरिजाबाई म्हणाली, हसा. तुमच्या लेकी अडतील तेव्हा हसा.

आता ती शिकलेली सून चालली होती. मध्य प्रदेशात, कुठल्या त्या भिलाईला, लोखंडाच्या कारखान्याच्या दवाखान्यात. कायमची नोकरी, राहायला पक्की खोली, घरात नळ. वडीगोद्रीच्या सरकारी दवाखान्यातली तिची जागा तात्पुरती होती, ती दीड वर्षात गेली. तेव्हापासून सत्यशीला इथं गावात, काळगव्हाणात, बसून होती. बाळंतपणं करत होती, पण नोकरी म्हणून नाही. पुण्य म्हणून. आणि पुण्यावर तेल-मीठ येत नाही.

---

अप्पाराव अंबडहून पहिल्या एसटीनं आला. सर्जेरावाचा धाकटा भाऊ. पांढरा सदरा, खिशाला पेन, आवाज मोर्च्यातला. लिंबाखाली घोंगडी टाकली होती, तिच्यावर टेकायच्या आधीच तो ओरडला, "वैनी, आधी पानी द्या. भांडायला घसा लागतो."

"घसा तुमाला जन्मतःच जास्तीचा दिला, भावजी," गिरिजाबाईनं तांब्या आपटला.

म्हातारा भिवा, ह्या दोघा भावांचा बाप, भिंतीच्या सावलीत पाय पसरून तंबाखू मळत होता. त्याच्याकडं कुणी पाहत नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बैठकीत जागा असते, मत नसतं.

सर्जेरावानं सुरुवात केली. चार एकर कोरडवाहू कसून त्याचा आवाजही तसाच झाला होता. "आपल्यात नवरा कमावतो, बायको त्याच्या मागं जाते. हे उलटं कुठं पाह्यलं का? गाव काय म्हनंल? सर्जेरावाचं पोरगं बायकोच्या पदराला गाठ मारून गेलं म्हनंल."

"दादा," वसंता बापाला म्हणाला, "गाव आपल्याबद्दल आजवर काय चांगलं म्हन्लं ते सांगा. मंग मी गावाला विचारून येतो."

"तोंड चालवू नको. पाटाच्या कामावर मेट हायेस तू. मानसं तुझ्या हाताखाली हायेत."

"होती. पाट खोदत खोदत पार पुढं गेला. माझी मेटगिरी पाटासंगं वाहून गेली, दादा. पानी यायच्या आधीच."

अप्पाराव हसला, मग चेहरा गंभीर केला. "नवरा-बायकोचं मला काही न्हाई. माझं दुसरं हाये. शिकलं की मानूस वस्तीतून जातं. मास्तर झाला, गेला. कारकून झाला, गेला. बाबासाहेबांनी शिका म्हन्लं ते पळून जायला न्हाई म्हन्लं. उद्या इथली बाई अडली तं तिनं कोनाच्या तोंडाकडं पाह्यचं?"

"भावजी बिलकुल बराबर बोलून राह्यले," गिरिजाबाई एकदम म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. दिराच्या बोलण्याला तिनं आयुष्यात 'बराबर' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"वैनी माझ्या बाजूनं?" अप्पाराव म्हणाला. "सर्जादादा, बघ बरं, सूर्य कुनीकडून उगवला आज?"

सर्जेरावालाही बायको आपल्या बाजूला आल्यानं जोर चढला. पण गिरिजाबाईला ना वस्तीचं पडलं होतं, ना नवऱ्याच्या इभ्रतीचं. तिला मांडीवरचं लेकरू पाहिजे होतं, आणि त्यासाठी ती ह्या घटकेला सैतानालाही बराबर म्हणाली असती.

तेव्हा सत्यशीला दारातून बाहेर आली. दाराआड उभी राहून बोलायची रीत होती. ती येऊन घोंगडीच्या काठावर बसली.

"काका, मागच्या चैतात पाटलाची सून मोकळी केली म्या. आठवतं का?"

"आठवतं की. दोन दिस अडली होती."

"लेकरू आडवं होतं. फिरवलं. दोघंबी जगली. सासूनं माझे हात हातात घेतले, रडली, माझी माय हायेस म्हन्ली. दुसऱ्या दिवशी सांजच्याला त्यांचा गडी आपल्या दारात आला. टोपलं खाली ठिवलं, अन् वरडला," इथं सत्यशीलेनं त्या गड्याचा आवाज काढला, "येसकऽर, भाकर घ्याऽ!"

टोपल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ते टोपलं गिरिजाबाईनं स्वतः परत नेऊन पाटलाच्या अंगणात आदळलं होतं, आमची सून नर्स हाये, येसकरीन न्हाई म्हणून. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्या आवाजात ऐकणं वेगळं.

"भाकर वाईट नव्हती, काका. तूप लावलेली होती. त्यांना वाटलं, त्यांनी लई चांगलं केलं. मी इथं कितीबी शिकले तरी माझ्या हाताचं मोल टोपल्यातच येनार. तिथं पगार येईल. माझ्या नावानं."

"तिकडं काय जात न्हाई?" सर्जेराव म्हणाला. "तिकडं तं बौद्ध म्हन्जे काय तेबी कोनाला कळत न्हाई. कोन म्हनून विचारलं तं काय सांगशील?"

"नर्स."

अप्पारावाला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. "अन् वस्ती?"

"रखमाजीची शिवकन्या. दोन वर्सं माझ्या हाताखाली हाये. हात उकळत्या पान्यानं कसे धुवायचे, नाळ कशी कापायची, कुठं आपलं काम सरतं अन् डाक्टरकडं न्यायचं, समदं तिला येतं. सातवी पास हाये. तिला औरंगाबादला धाडा. रखमाजी न्हाई म्हनंल, त्याच्याशी तुमी भांडा. इथं माझ्याशी भांडून राह्यले ना, तेवढंच तिथं भांडा."

अप्पारावानं खिशातलं पेन काढलं, पाहिलं, परत ठेवलं. त्याच्यात एक चांगलं होतं, आणि ते पुढाऱ्यांत फार कमी सापडतं: हरला की कळायचं त्याला.

"धाडतो," तो म्हणाला. "रखमाजीच्या बापाला बी ऐकावं लागंल. सर्जादादा, मी सुनबाईच्या बाजूनं."

"अरे, आत्ता तं तू..."

"आत्ता तं मला शिवकन्या म्हाईत नव्हती."

गिरिजाबाईच्या पायाखालचं एक टेकण गेलं. "अन् लेकराचं काय?" ती ओरडली. "ही दिवसभर दवाखान्यात. लेकराला कोन पाह्यनार?"

"मी हाये की, माय," वसंता म्हणाला. "मला काम मिळंस्तोवर मी सांभाळतो."

"तू? तुला पायातली चप्पल सापडत न्हाई! लेकरू कुठं ठिवलं ते विचारायला आमाला तार करशील!"

तेवढ्यात वाटेवरून सायकलची घंटी वाजली. वडीगोद्रीचा पत्रेवाला कमरोद्दीन येत होता. सायकलच्या मागं दोरीनं आवळलेली कोरी करकरीत पत्र्याची पेटी. हिरवा रंग, कडेला पिवळी किनार.

"सलाम भिवाचाचा! संदूक तयार. रंग अजून कच्चा है, हात मत लगाव."

गिरिजाबाई पेटीकडं पाहत राहिली. मग सुनेकडं. "म्हंजे पेटीसुद्धा सांगून बसलीस! मंग ही बैठक कशाला? तमाशा करायला बोलावलं आमाला?"

"आत्या, मी न्हाई सांगितली."

"मी बी न्हाई," वसंता म्हणाला.

"म्या सांगितली," भिंतीपासून आवाज आला.

भिवानं तंबाखू ओठाखाली धरली आणि हात झटकले.

"बा, तुमी?" सर्जेराव म्हणाला. "तुमच्यापाशी कुठून..."

"चाचानं घुंगरं दिली," कमरोद्दीन खुशीत म्हणाला. "असली पितळ. आजकाल असा माल मिळत न्हाई."

सर्जेराव उठून आत गेला. आढ्याशी हात घातला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक जुनी काठी होती, पुरुषभर उंच, धुरानं काळी पडलेली. तिच्या टोकाला जिथं घुंगरांचा जुडगा होता तिथं आता नुसत्या खिळ्यांच्या भोकांची माळ होती. येसकराची काठी. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर देवांबरोबर ही पण फेका, म्हणून अप्पारावानं बापाशी भांडण केलं होतं. फेकली, म्हणून म्हातारा खोटं बोलला होता.

ज्यांनी येसकरपाळी पाहिली नाही त्यांना ही काठी म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही, तरी सांगतो. महारांच्या घरांनी पाळीपाळीनं गावाची राखण करायची. पाळीवरच्या माणसानं गाव सोडायचं नाही. निजामाचा तहसीलदार आला, त्याचं बाड डोक्यावर घ्या. पाटलाची सोयरी निघाली, तिचं गाठोडं घ्या. काठीची घुंगरं वाजवत पुढं पळा, म्हणजे लोकांना कळावं, बाजूला व्हावं. आणि शिवेच्या दगडाशी आलं की ओझं खाली ठेवायचं. पलीकडच्या गावाचा येसकर यायचा, तो उचलायचा. तो येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. तो आला की 'इथून पुढं तुमचं' म्हणायचं आणि मोकळ्या हातानं मागं फिरायचं. सांजच्याला दारोदार भाकर मागायची. गावाला महाराचे पाय पाहिजे होते. महार नको होता.

"सर्जा, बस," भिवा म्हणाला. "तुमी मला काही इचारलं न्हाई, तरी सांगतो. पल्याड मी गेलोच न्हाई असं न्हाई. बाजाराला गेल्तो, दीक्षेला गेल्तो. पन पोटासाठी म्हनून पल्याड पाय टाकला न्हाई. पोट शिवेच्या आत बांधलेलं होतं, दाव्याला बांधल्यावानी. दुसऱ्याचं ओझं दगडापर्यंत नेलं अन् वापस आलो. ते समदे कुठं जात होते, तिथं काय होतं, मला कोनी सांगितलं न्हाई, अन् म्या इचारलं न्हाई." तो थांबला, थुंकला, सत्यशीलेकडं बोट केलं. "ही पोटासाठी शीव वलांडून राह्यली. मला ते डोळ्यानं पाह्यचंय. वसंता तिच्या मागं गेला तं जाऊ दे. मी जल्मभर घोड्यांच्या पुढं पळलो, तेव्हा कोन्या गावाला लाज वाटली?"

सर्जेराव बराच वेळ काठीच्या भोकांवरून अंगठा फिरवत राहिला. मग काठी त्यानं बापाच्या शेजारी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "कमरोद्दीनभाई, च्या घेऊन जा."

म्हणजे झालं. सगळे फिरले. गिरिजाबाई एकटी राहिली.

"मामंजी," तिचा आवाज चिरकला, "अन् लेकरू?"

"ते मला इचारू नको, माय. मी ओझं वाहनारा. लेकरू तुमा दोघींचं."

सत्यशीला उठून सासूजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आत्या, तुमी मला शिकवलं. तुमी मनापासून ठिव म्हन्लं तं ठिवते, तिथं बस्तान बसंस्तोवर. माझं काळीज तुटंल, पन ठिवते. पन आज सांगू नका. आज तुमी रागात हायेत. बुधवारी, निघताना सांगा."

गिरिजाबाईला वाटलं, हिनं आपल्याशी भांडायला पाहिजे होतं. भांडणारीकडून लेकरू हिसकावून घेता येतं. हात पुढं करून देणारीकडून कसं घ्यायचं?

---

परभाला त्या दिवसापासून एक नवा खेळ सापडला. कोपऱ्यातली तुटकी दुरडी डोक्यावर घ्यायची, उंबऱ्यापाशी नेऊन ठेवायची आणि ओरडायचं, "येकसऽल, भाकल घ्याऽ!" आईनं काढलेला आवाज तिनं जसाच्या तसा उचलला होता. पहिल्यांदा सगळे हसले. सर्जेराव तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "घ्या, घ्या, पाटलीनबाई आल्या!"

गिरिजाबाई हसली नाही.

सोमवारी परभानं खेळ बदलला. दुरडी उंबऱ्याबाहेर ठेवली, मग स्वतःच आत येऊन फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पुढं पसरला आणि मान खाली घालून उभी राहिली. हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. हे कुणी दाखवावं लागत नाही. भाकर टाकणारा असला की पदर पसरणारी आपोआप उभी राहते. गिरिजाबाई लहानपणी आईच्या मागं अशीच उभी राहत होती, पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या, वाण्याच्या दारात. तिनं दुरडी उचलली आणि चुलीत घातली. परभा भोकाड पसरून रडली.

"दुसरी दीन हां, माझे बाय," गिरिजाबाई तिला छातीशी दाबत म्हणाली. "दुसरा खेळ दीन."

तरी तिनं 'ने' म्हटलं नाही. जिभेवर यायचं, आणि रात्री कुशीत शिरणारं ते ऊबदार डोकं आठवलं की परत घशात जायचं. हौसा गेल्यावर ह्या घरात दुसरं मुलीचं डोकं हेच.

मंगळवारी पेटी भरली. दोन लुगडी, सत्यशीलेचे पांढरे कपडे, वसंताचा एकुलता कोट, चटणीची बरणी, दशम्यांचं गाठोडं. परभाचे फ्रॉक मात्र पेटीत नव्हते. सत्यशीलेला ते सासूच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात वेगळे बांधलेले दिसले. तिनं पेटीचं झाकण लावलं.

---

बुधवारी दिवस कासराभर वर आला तेव्हा सगळे निघाले. वडीगोद्रीच्या सडकेवर एसटी मिळायची. तिनं जालना, तिथून छोटी गाडी मनमाडपर्यंत, पुढं मोठी. शाळू दोन्ही बाजूंना पोटरीतून बाहेर आला होता आणि वाट ओली गार होती.

पेटी उचलायला सर्जेराव वाकला.

"बाजूला हो," भिवा म्हणाला.

"बा, ह्या वयात?"

"पाळी माझी हाये."

म्हाताऱ्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली, पेटी घेतली, एका हातानं धरली, दुसऱ्या हातात काठी. आणि सगळ्यांच्या पुढं चालू लागला. पाय बरोबर जुन्या चालीत पडत होते, नुसती घुंगरं वाजत नव्हती. वस्तीतल्या बाया दारात आल्या. शिवकन्या वेशीपर्यंत आली आणि सत्यशीलेचा हात सोडेना. तिच्या बापाशी अप्पारावाचं कडाक्याचं भांडण होऊन गेलं होतं, त्यामुळं रखमाजी दारात उभा राहून नुसताच नाक शिंकरत होता.

गिरिजाबाई सगळ्यांत मागं. कडेवर परभा, काखेत फ्रॉकचं गाठोडं. दोन वाक्यं तिनं वाटभर घोळवली. एक होतं, ठिवून जा. दुसरं ती मनातसुद्धा पुरं म्हणत नव्हती. पुढं म्हाताऱ्याच्या डोक्यावर हिरवी पेटी हलत होती. वसंता दोनदा मागं वळून पाहून गेला, विचारायची हिंमत त्याला झाली नाही. सत्यशीला एकदाही वळली नाही.

शिवेचा दगड आला. शेंदूर फासलेला, कमरेएवढा. तिथं भिवा थांबला. गुडघे वाकवले, पेटी डोक्यावरून उतरवून दगडाच्या अलीकडं ठेवली. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवून समोरच्या वाटेकडं डोळे बारीक करून पाहत राहिला.

सगळ्यांना वाटलं, दम खातोय. पण म्हातारा हलेना.

"बा, का थांबले?" सर्जेराव म्हणाला. "गाडी चुकंल."

"अरे, पल्याडचा आला न्हाई अजून."

बोलला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. ओठ तसेच उघडे राहिले. वीस वर्षं होऊन गेली होती काठी आढ्यात टाकून, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. ह्या दगडाशी ओझं उतरवायचं आणि उन्हात उभं राहायचं, एवढंच पायांना ठाऊक होतं. सर्जेरावानं तोंड फिरवलं.

सत्यशीला दगडाला वळसा घालून पलीकडं गेली. तिकडून वळली. पदर कमरेला खोचला आणि म्हाताऱ्याच्या समोर उभी राहिली.

"जय भीम, आबा," ती म्हणाली. "पल्याडची मी आले. द्या."

भिवा तिच्याकडं पाहत राहिला. आजवर त्या बाजूला जो कुणी येऊन उभा राहिला होता तो ह्याच्यासारखाच होता, तशीच फाटकी बंडी, तसेच भेगाळलेले पाय. मनगटाला घड्याळ बांधलेली बाई त्या जागी कधी उभी राहिली नव्हती. त्यानं काठी दगडाला टेकवली, वाकून पेटी उचलली आणि दगडावरून पुढं केली. क्षणभर पेटी दोघांच्या चार हातांत राहिली.

"इथून पुढं तुमचं," भिवा म्हणाला.

"इथून पुढं आमचं, आबा. अवो, या हिकडं. तुमी बी पल्याडचेच." तिनं पेटी नवऱ्याच्या डोक्यावर दिली. मग ती गिरिजाबाईकडं वळली. हात मात्र तिनं पुढं केले नाहीत. नुसती उभी राहिली.

गिरिजाबाई दगडापाशी आली. ह्याच दगडाशी ती एकदा उभी राहिली होती, पलीकडून नर्स येईल म्हणून डोळे फाडून पाहत. आता नर्स पलीकडं उभी होती, आणि ती हिनंच घडवलेली होती. परभानं आजीच्या गळ्याभोवती हात टाकले होते, तोंडाला दशमीचा तुकडा लागला होता.

"माझं मन अजूनबी ठिवच म्हन्तं," गिरिजाबाई म्हणाली. "मनाचं मी ऐकत न्हाई."

तिनं लेकराचे हात गळ्यापासून सोडवले. दगडावरून पलीकडं दिलं.

"इथून पुढं तुझं."

परभा रडू लागली. मागोमाग गाठोडं गेलं. "फ्रॉक चार हायेत. लालवाला आखडला, तो खाली सोडून घे. तेल रोज लाव. अन् तिथं दुरडी दिसली तं तिच्या हाती देऊ नको." तिनं पदरानं परभाच्या तोंडाला लागलेली दशमी पुसली. "ह्या वसंताकडं एकटीला सोडू नको. हा तिला बाजारात इसरून यील."

"माय!" पेटीखालून वसंता म्हणाला.

सत्यशीला लेकरासकट खाली वाकायला लागली. गिरिजाबाईनं दगडावरून हात घालून तिचा दंड धरला.

"इथं वाकू नको. ह्या जागेवर आपलं लई वाकून झालं."

दोघी तशाच उभ्या राहिल्या, मधे दगड, एकीचा हात दुसरीच्या दंडावर. मग लांबवर सडकेवर धूळ दिसली आणि सर्जेराव ओरडला, "जल्दी करा, गाडी आली!" तो आणि अप्पाराव पुढं पळाले, गाडी थांबवायला.

भिवा अलीकडंच उभा होता. हात मोकळे, आणि पाय गावाकडं वळलेले. गिरिजाबाईनं पाहिलं.

"मामंजी, चला की. गाडीत बसवून द्यायचं न्हाई का?"

"ओझं तं दिलं," म्हातारा म्हणाला.

"मंग मोकळे चला."

तिनं आपला दंड पुढं केला. म्हाताऱ्यानं तो धरला. एक पाय दगडापलीकडं टाकला, थांबला, जणू कुणी हाक मारील. कुणी मारली नाही. दुसरा पाय टाकला.

"तुमची काठी राह्यली," गिरिजाबाई म्हणाली.

भिवानं मागं वळून पाहिलं नाही. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तिची शीव हीच."